आत्याबाईंसाठी फिरवलेली छत्री

माझ्या सासूबाई टीव्हीवर येणार होत्या, आणि बरोबर एक दिवस आधी आमच्या टीव्हीचं चित्र गेलं.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन हिवरखेडला आले त्याला आता चौदा वर्षं झाली. सासर भाजीवाल्यांचं. वांगी, मिरच्या, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधाला झेंडू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामाजी. आत्याबाईंचं वांगं आमच्याकडच्या बाजारात प्रसिद्ध. हिरवंगार, पांढऱ्या रेघांचं, भाजलं की भरीत लोण्यासारखं. त्याचं बी त्या विकत आणत नाहीत, दरवर्षी स्वतःच धरतात. मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात गावातल्या बायांनी आपापल्या बियाण्यांची मांडणी करावी असं ठरलं, तेव्हा शेतीचे कार्यक्रम दाखवणाऱ्या एका वाहिनीच्या लोकांना त्यांचं नाव कोणीतरी सुचवलं. फोन आला. प्रदर्शनातूनच थेट प्रक्षेपण होणार, सकाळी अकरा वाजता, आणि आत्याबाईंनी अर्धा तास बियाण्यावर बोलायचं.

"मी काय बोलू बाप्पा त्यायच्यासंग?" आत्याबाई म्हणाल्या. पण त्याच दुपारी त्यांनी जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलं.

मामाजींनी मात्र काहीच उत्साह दाखवला नाही. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी धूळ, प्रवास आणि वाकणं बंद केलं होतं. मोबाइल तर हातात धरायचाच नाही. टीव्ही लांबून, थोडा वेळ चालेल, एवढी सूट होती आणि मामाजी ती सूट सकाळपासून संध्याकाळपर्यंत वापरत होते. काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचे. "जा न तुमी. मले काय, इथूनच दिसते," एवढंच म्हणाले.

तेव्हा असं ठरलं, की हे, म्हणजे माझे यजमान, आत्याबाईंना घेऊन आदल्या दिवशीच अकोल्याला जातील. मी घरी राहीन. मामाजींच्या डोळ्यात दर काही तासांनी थेंब टाकायचे होते, ते काम माझं.

सकाळच्या एसटीनं दोघं गेली. बियांच्या डब्या आत्याबाईंनी मांडीवर घेतल्या होत्या. मी घरी येऊन भाकरी टाकायला बसले तोच मामाजींची हाक आली.

"सूनबाई! हा टीव्ही काय म्हनते पाय!"

पडद्यावर निळा चौकोन होता. सिग्नल नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की कंपनी आता नव्या उपग्रहावर गेली आहे आणि आपली डिशची छत्री नव्या दिशेला फिरवून घ्यावी.

ही सूचना गेले पंधरा दिवस पडद्याच्या तळाशी सरकत होती. आम्ही सगळ्यांनीच ती जाहिरातीसारखी सोडून दिली होती. जुन्या उपग्रहाचं इंधन संपत आलं होतं, म्हणून कंपनीनं दुसरा वर पाठवला होता. त्याचं उड्डाण मी मोबाइलवर पाहिलंही होतं. कुठल्याशा परदेशी किनाऱ्यावरून तो अग्निबाण उठला, धुरात गेला, आणि मला अंगावर काटा आला होता. पण तो उपग्रह माझ्या स्लॅबवरच्या छत्रीशी असा येऊन भिडेल हे तेव्हा सुचलं नव्हतं.

मी तेल्हाऱ्याच्या डीलरला फोन लावला.

"ताई, सगळ्या गावायच्या छत्र्या एकदम बंद पडल्या. दोनच मानसं आहेत माह्याकडे. आठ दिवस तरी लागतीन."

"पण भाऊ, आम्हाला उद्या अकराच्या आत पाहिजे. माझ्या सासूबाई येणार आहेत टीव्हीवर."

"सगळ्यायलेच उद्या पायजे ताई," तो म्हणाला. फोन ठेवला.

मामाजी सगळं ऐकत होते. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण खुर्चीच्या हातावरची बोटं थांबली होती. थोड्या वेळानं म्हणाले, "जाऊ दे. आल्यावर सांगनच थे."

तो त्यांचा सूर मला सहन झाला नाही. मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि अमरावतीला बाबांना फोन लावला.

बाबांचं अमरावतीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते थकलेत, दुकान बंद आहे. पण मी शाळेत असताना सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गच्च्यांवर चढायची. ते खाली टीव्हीपाशी, मी वर अँटेनापाशी. "अजून थोडी, अजून थोडी, बस!" असं त्यांचं ओरडणं ऐकत माझं लहानपण गेलं. छत्र्या आल्या तेव्हा त्याही आम्ही दोघांनी बसवल्या. लग्नानंतर मात्र मी पान्याला हात लावला नव्हता.

"बाबा, छत्री फिरवायची आहे. नवा उपग्रह. माझ्याकडे सिग्नल मोजायचा मीटर नाही."

मग बाबांच्या आवाजात एकदम बळ आलं. "मीटर कायले पायजे? टीव्हीच तुया मीटर. पाना आहे घरात?"

"ट्रॅक्टरचा आहे."

"मंग चढ. पन नट ढिले करायच्या आधी पेनानं खूण कर. चुकलं तर परत येता आलं पायजे."

शेजारच्या काकूंना मी हाक मारली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, आकडे ठणठणीत वाचतात. त्यांना टीव्हीसमोर बसवलं, सेटटॉप बॉक्सचं सिग्नलचं पान उघडून दिलं. दोन पट्ट्या होत्या. एक ताकदीची, एक क्वालिटीची. "काकू, खालच्या पट्टीचा आकडा सांगत राहा." काकूंचा आवाज स्लॅबवर पोचेना, म्हणून मामाजी दारात खुर्ची घेऊन बसले. काकू आकडा सांगायच्या, मामाजी तो वर फेकायचे. मामाजींनी उभा जन्म बाजारात भाजी विकली आहे. त्यांचा आवाज तीन गल्ल्या जातो.

मी साडीचा पदर खोचला आणि वर गेले. गल्लीतल्या सगळ्या छत्र्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या, आग्नेयेला. आमचीही. माकडं लोंबकळून लोंबकळून तिचा काठ थोडा वाकला होता. नट गंजलेले. शिलाई मशीनचं तेल सोडलं, वाट पाहिली, सगळा जोर लावला. पहिला नट कर्रकन फिरला तेव्हा मी एकटीच वर "हां!" म्हणून ओरडले.

"किती आला?" खालून मामाजी.

"अजून काही नाही मामाजी! नट फिरला फक्त!"

"थेई चांगलंच हाय!"

फोन मी लाऊडस्पीकरवर टाकून टाकीवर ठेवला. बाबा बोलत होते. "सातपुड्याकडे पाठ कर. आता छत्री उजवीकडे घ्यायची, दक्षिणेकडे. आन् थोडी वर. जेवढं वाटते त्याच्यापेक्षा कमी हलव."

मी हलवली. खालून आवाज आला, "ताकद ऐंशी!"

मी आनंदानं नाचायचीच राहिले होते. "बाबा, ऐंशी!"

"आन् क्वालिटी?"

"क्वालिटी शून्य!" मामाजींनी त्याच जोमात सांगितलं.

"ताकद म्हणजे वायर ठीक आहे, एवढंच," बाबा म्हणाले. "क्वालिटी पायजे. चालू दे."

मग सुरू झालं ते. थोडी उजवीकडे. थांब. पाच मोज. बॉक्सला कळायला वेळ लागतो. शून्य. अजून थोडी. पाच मोज. शून्य. वर. शून्य. ऊन चढत गेलं. मध्येच मामाजींनी बारा अशी आरोळी ठोकली. बारावरून वीस, वीसवरून पस्तीस झालं. पण चित्र येईना. काकू म्हणाल्या, पट्टी आहे पण चॅनलच नाही. बाबा हसले. "कोनाचा तरी दुसराच उपग्रह पकडला तू. आभाळात गर्दी आहे पोरी. सोड त्याले, पुढे जाय."

मला वाटलं होतं वर मोकळं आभाळ आहे. तिथे एकाशेजारी एक इतके बसलेत, आणि त्यातला नेमका आपला शोधायचा, हे कळल्यावर मला थकायच्या ऐवजी भलताच चेव चढला. मामाजींच्या डोळ्यात थेंब टाकायला खाली आले, दोन घोट पाणी प्याले, भाकरी तशीच ठेवून परत वर. काकूही जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या घरून दोनदा बोलावणं आलं. त्यांनी दोनदा सांगितलं, "येते न, महत्त्वाचं काम चालू हाय."

चारच्या सुमारास बाबांना एकदम आठवलं. "अवं, त्या दांड्यावरचं बोंडूक फिरवलं का तू? एलएनबी?"

नव्हतं फिरवलं. छत्रीच्या समोर दांड्यावर जो डोळा असतो, तो नवीन उपग्रहाच्या हिशेबानं थोडा कलता करावा लागतो. मी क्लिप ढिली केली, घड्याळाच्या काट्यासारखा जरासा वळवला, आणि छत्री अगदी केसभर वर घेतली. मग श्वास धरून पाच मोजले.

"अठ्ठावीस!" मामाजी.

मी हललेच नाही.

"एक्केचाळीस! थांब... त्रेसष्ट! सूनबाई, त्रेसष्ट म्हनते हे!"

आणि त्याच्यावरून काकूंची किंकाळी, मामाजींच्या मदतीशिवाय थेट स्लॅबवर पोचलेली, "आलं! आलं वं माय, बातम्या आल्या!"

टाकीवरच्या फोनमधून बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं. मी धापा टाकतच फोन उचलला. "बाबा, त्रेसष्ट," एवढंच म्हटलं. "कस नट," ते म्हणाले. "एकेक करून, आळीपाळीनं. घाई करू नको."

खाली आले तर मामाजी अंगणात उभे, कपाळावर हात धरून वर पाहत होते. गल्लीतल्या बाकी छत्र्या आग्नेयेला आणि आमची एकटीची दक्षिणेला. "बरं झालं," ते म्हणाले, "सरळ अकोल्याकडेच पाहून राहिली."

"अकोल्याकडे नाही मामाजी. वर पाहते. छत्तीस हजार किलोमीटर वर."

"असू दे. तोंड तर अकोल्याकडेच हाय न."

दुसऱ्या दिवशी दहापासूनच आमची समोरची खोली भरली. सगळ्यांचे टीव्ही बंद, आमचा एकच चालू. काकू तर घरच्याच असल्यासारख्या सगळ्यांना बसवत होत्या. ह्यांचा फोन आला. मागे प्रदर्शनातला गलका. "अगं, इथे एक गाडी उभी आहे. डोक्यावर ही एवढी मोठी छत्री! आईनं विचारलं, हे कायले, तर म्हणे तुमचा आवाज इथूनच वर जाणार."

बाबांनी मला आदल्या दिवशी समजावलं होतं. त्या गाडीतून एका उपग्रहावर, तिथून वाहिनीच्या मोठ्या केंद्रात, तिथून आमच्या कंपनीकडे, मग परत वर आमच्या उपग्रहावर, आणि मग आमच्या स्लॅबवर. म्हणजे आत्याबाईंना अकोल्याहून हिवरखेडला यायला दोनदा आभाळात जावं लागणार होतं.

अकरा वाजले. आणि आल्या! जांभळं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात त्या डब्या. खोलीत असा गलका झाला, की पहिली दोन वाक्यं कोणालाच ऐकू गेली नाहीत. मामाजींनी "चूप!" म्हणून हात उगारला.

सुरुवातीला त्या अडखळल्या. कार्यक्रम घेणारा मुलगा शहरी होता. त्यानं "बीजसंवर्धनाची आपली प्रक्रिया" असं काहीतरी विचारलं. आत्याबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी सोबतच्या पिशवीतून पिकून पिवळं पडलेलं एक वांगं काढलं, टेबलावर आपटून फोडलं, आणि बोटानं बी दाखवत बोलायला लागल्या. राखेत कसं घोळायचं, उन्हात किती ठेवायचं, कोणत्या झाडाचं घ्यायचं नाही. त्यानंतर त्यांना कोणी थांबवू शकलं नाही. तो मुलगासुद्धा प्रश्नांचा कागद खाली ठेवून ऐकत बसला.

पडद्याखाली एक फोन नंबर दिसायला लागला. प्रेक्षकांनी प्रश्न विचारावेत. एक फोन बुलढाण्याकडून आला, एक वाशिमहून. मामाजी मला हळूच म्हणाले, "सूनबाई, लाव न फोन."

"कोणाला?"

"त्यायलेच. मले एक इचारायचं हाय."

मला वाटलं ते गंमत करताहेत. पण नाही. मी नंबर लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. सातव्या-आठव्या वेळेला घंटी गेली, कोणीतरी उचललं, गाव विचारलं, थांबा म्हणाले, टीव्हीचा आवाज बंद करा म्हणाले. काकूंनी धावत जाऊन आवाज बंद केला. मी फोन मामाजींच्या कानाला धरला आणि माझाही कान त्याला लावला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"बोला काका, कुठून बोलताय?"

"हिवरखेडहून," मामाजी घसा खाकरून म्हणाले. "मले त्या बाईले इचारायचं हाय, का शेतातलं सगळ्यात चांगलं वांगं बाजारात न देता थे झाडावरच काहून पिकू देते? चिंधी बांधून ठेवते त्याले, कोनाले तोडू देत नाई. असं काहून?"

मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. ही चिंधी आमच्या घरातलं दरवर्षीचं भांडण. दर हंगामात मामाजी कुरकुरायचे, एवढं वांगं वाया घालवते म्हणून. आत्याबाई उत्तर द्यायच्या नाहीत. आणि मामाजींनीही नीट विचारलं असं कधी झालं नव्हतं.

मग आत्याबाईंचा आवाज आला, अगदी कानात. "हे... हे आमचेच हायेत." मागे लोक हसले. "घरी चाळीस वर्षांत इचारलं नाई, आता टीव्हीवर इचारून राहिले!"

मामाजी हसले नाहीत. "मंग सांग न," म्हणाले.

"सांगते. बाजारात मानूस जे वांगं पहिले उचलते न, थेच मी बियाले ठेवते. राहिलं साहिलं ठेवलं तं पुढच्या साली राहिलं साहिलंच येईन. तुमी पाटी घेऊन बसता तं वांगी अशीच खपते काय? थे चिंधीवालं वांगं खपवते तुमची पाटी."

मामाजी "हाव" म्हणाले. मग परत, अगदी हळू, "हाव." फोन कटला.

आणि तेव्हा कुठे टीव्हीवर, मुक्या पडद्यावर, आत्याबाईंनी मान वर केली. केंद्रात थोडं थांबवून, दोनदा आभाळातून येणारं चित्र फोनच्या मागे होतं; पडद्यावर तो प्रश्न आता त्यांच्या कानावर पडत होता. आम्ही दोघं उत्तर ऐकून बसलो होतो आणि त्यांचा चेहरा अजून आमच्याकडे यायचा होता. त्या आधी नुसत्या ऐकत होत्या, कपाळाला आठी. मग आवाज ओळखला तो क्षण आम्ही सगळ्यांनी पाहिला. आठी गेली, तोंड उघडं राहिलं, पदर ओठांशी गेला, आणि त्या अशा लाजल्या, की मी चौदा वर्षांत त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मामाजी खुर्चीतून उठून टीव्हीच्या पार जवळ गेले. डॉक्टरांनी लांबून पाहायला सांगितलं होतं. मी त्यांना जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आली. एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत यायला आत्याबाईंना तासभर लागला, एवढे लोक भेटले. मामाजी दारातच उभे होते. "थकली असशीन," म्हणाले आणि स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. पुनःप्रक्षेपण त्याच दिवशी चार वाजता होतं. आत्याबाई ते स्वयंपाकघराच्या दारात बसूनच अर्धवट पाहत होत्या. "मी हात लय हालवते," एवढीच त्यांची तक्रार.

माझं काम मात्र वाढलं होतं. आधी काकूंची छत्री फिरवली, मग समोरच्यांची, मग वरच्या आळीतली. दोन दिवसांत हात इतका बसला, की बाबांना फोन करायची गरज उरली नाही. तरी मी करायचीच. तेल्हाऱ्याच्या डीलरला ते कळलं तेव्हा तोच आला, हातात मीटर घेऊन. "ताई, तुमच्या भागातल्या छत्र्या तुमीच पाहा आता," म्हणाला. तो मीटर पहिल्यांदा हातात घेतला आणि छत्री उपग्रहावर लागताच मीटरनं जी लांब शिट्टी दिली, ती ऐकून मी एका अनोळखी घराच्या स्लॅबवर लहान मुलीसारखी हसत सुटले. खालच्या घरातली बाई विचारत होती, ताई, काय झालं?

पंधरवड्यानंतर वाहिनीकडून आमचा नंबर मिळवून एक फोन आला. बाई जम्मूकडच्या एका लष्करी वसाहतीतून बोलत होती. नवरा फौजेत, माहेर परतवाड्याचं. स्वयंपाकघरात पीठ मळताना हॉलमधल्या टीव्हीवरून वऱ्हाडी बोलणं कानावर आलं, म्हणाली, आणि ती तशाच हातांनी धावत बाहेर आली. तिच्या क्वार्टरमागे थोडी जागा होती. तिला बी हवं होतं.

आत्याबाई फोनवर तिच्याशी कितीतरी वेळ बोलल्या. माती कशी आहे, ऊन कोणत्या बाजूनं येते, पाणी कधी सुटते, सगळं विचारलं. मग डबीतून चिमूटभर बी काढून कागदाच्या पुडीत बांधलं आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"पत्ता लिही. आन् आत एक चिठ्ठी टाक. तिकळे थंडी लय असते म्हनते थे. होळी होऊन जाऊ देजो म्हना, मंगच लावजो."

मी पेन घेतलं आणि त्या सांगतील तसं लिहायला लागले.